रेडिओवर गाव वसवणारा शहरी निवेदक
अमेरिकेतल्या टेनेसी राज्याची राजधानी नॅशव्हिल. तिथून शनिवारी रात्री 'ग्रँड ओल ऑप्री' हा रेडिओ कार्यक्रम लागतो. सुरू झाला 1925 मध्ये, आणि अजून चालू आहे. कंट्री म्युझिक, म्हणजे तिथल्या खेड्यापाड्यांतल्या गाण्या-वाजवण्यातून वाढलेलं संगीत, देशभर पोचलं त्यात या कार्यक्रमाचा वाटा फार मोठा. तो उभा केला जॉर्ज डी. हे या निवेदकाने. (आडनावच 'हे' असल्यामुळे वाचताना घोळ व्हायचा, म्हणून पुढे नुसतं जॉर्ज म्हणू.)

जॉर्ज यांचा जन्म 9 नोव्हेंबर 1895 रोजी इंडियाना राज्यातल्या अ‍ॅटिका इथे झाला. पहिल्या महायुद्धानंतर ते मेम्फिसच्या एका दैनिकात बातमीदार झाले. पोलीस कोर्टात रोज घडणाऱ्या प्रकारांवर ते विनोदी सदर लिहायचे. सदर गाजलं, आणि पंचविशी-तिशीतल्या या पोराला 'न्यायाधीश' हे टोपणनाव कायमचं चिकटलं. सदरातला विनोद मात्र बहुतेक वेळा कोर्टापुढे उभ्या केलेल्या काळ्या लोकांवर असायचा. ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी, पुढे तिचा संबंध येतो.

बातमीसाठी ते एकदा आर्कान्सामधल्या डोंगराळ भागात गेले होते. तिथे एका लाकडी घरात रात्रभर चाललेला गावकऱ्यांचा नाच त्यांनी पाहिला. फिडल, म्हणजे आपलं व्हायोलिनच, आणि त्यावर ठेका धरणारी माणसं. कार्यक्रमाची कल्पना तिथे सुचली, असं ते पुढे सांगत.

वर्तमानपत्राने स्वतःचं रेडिओ केंद्र काढलं तेव्हा जॉर्ज निवेदक झाले. 1924 मध्ये शिकागोच्या केंद्रावर गेले आणि त्याच वर्षी एका रेडिओ मासिकाच्या वाचकांनी त्यांना सर्वांत लोकप्रिय निवेदक म्हणून निवडलं.

नॅशव्हिलचं डब्ल्यूएसएम केंद्र 5 ऑक्टोबर 1925 रोजी सुरू झालं. मालक एक विमा कंपनी. केंद्राच्या नावातली तीन अक्षरंसुद्धा कंपनीच्या घोषवाक्याची: आम्ही लाखोंचं रक्षण करतो, अशा अर्थाची. कंपनीचा धंदा छोट्या रकमेच्या पॉलिसींचा. एजंट दर आठवड्याला दारोदार हप्ता गोळा करायचे. अनोळखी घरात शिरणं हे एजंटाचं सगळ्यात अवघड काम. शनिवारच्या कार्यक्रमाचं नाव काढलं की दार उघडायचं. संगीतावर कंपनीने केलेला खर्च असा वसूल होत होता.

जॉर्ज त्या केंद्राचे संचालक झाले. 28 नोव्हेंबर 1925 च्या रात्री त्यांनी अंकल जिमी थॉम्पसन या 77 वर्षांच्या फिडलवादकाला माईकसमोर बसवलं. म्हातारा तासभर वाजवत राहिला, आणि ऐकणाऱ्यांची पत्रं, तारा येऊ लागल्या. नॅशव्हिलच्या प्रतिष्ठित मंडळींना हे गावंढळ वाटलं. जॉर्ज मागे हटले नाहीत.

पण हा गावरानपणा बराचसा बनवलेला होता. एका वाद्यवृंदाचे प्रमुख डॉ. हम्फ्री बेट हे पेशाने डॉक्टर. त्यांची माणसं आधी सूट-टाय घालून फोटो काढून घेत. जॉर्ज यांनी त्यांना शेतकऱ्याचे कपडे चढवले आणि वृंदाला शिकाऱ्यांच्या टोळीचं नाव दिलं. गाव विकायचं तर ते गावासारखं दिसायला हवं, हा त्यांचा हिशेब होता. तो चुकला नाही.

आता नावाची गोष्ट. डिसेंबर 1927 मधली एक रात्र. आधी वॉल्टर डॅमरॉश यांचा अभिजात संगीताचा कार्यक्रम होता. तो संपल्यावर जॉर्ज यांनी डीफोर्ड बेली याला पुढे केलं. डीफोर्ड काळा, लहानपणी पोलिओ झालेला, आणि तोंडाने वाजवायच्या बाजावर हुबेहूब धावती आगगाडी काढणारा. त्याचं वाजवून झालं तेव्हा जॉर्ज यांनी गमतीत जाहीर केलं की आतापर्यंत ग्रँड ऑपेरा ऐकलात, आता आमचा 'ओल ऑप्री' ऐका. ऑपेराचा खेडवळ उच्चार. ते नाव लोकांनी उचललं.

1928 मध्ये ऑप्रीवर सगळ्यात जास्त वेळा डीफोर्डच वाजवत होता. दौऱ्यावर गेल्यावर मात्र गोऱ्या सहकाऱ्यांच्या हॉटेलांत त्याला खोली मिळत नसे. 1941 मध्ये संगीताच्या हक्कांवरून रेडिओ कंपन्या आणि गीतकारांची संस्था यांच्यात वाद पेटला. डीफोर्डच्या गाजलेल्या चाली वाजवायला बंदी आली आणि त्याला काढून टाकलं. 1945 च्या पुस्तिकेत जॉर्ज यांनी सगळा दोष त्याच्या आळसावर टाकला. कोर्टाच्या सदरातली नजर वीस वर्षांनीही बदललेली नव्हती. डीफोर्डने हे कधी मान्य केलं नाही. नॅशव्हिलमध्येच बूटपॉलिशचं दुकान चालवून त्याने पोट भरलं.

जॉर्ज यांचंही पुढे जमेना. केंद्राचा कारभार दुसऱ्यांच्या हाती गेला होता. त्यांच्याकडे निवेदन, आणि कार्यक्रम सुरू करताना फुंकायची आगबोटीसारखी लाकडी शिट्टी, एवढंच उरलं. ऑप्रीत विजेवरची वाद्यं आणि ढोल येऊ नयेत म्हणून ते झगडले, तरी ती आली. तब्येतही साथ देत नव्हती. 1947 नंतर ते निवेदनातून बाजूला झाले आणि शेवटची वर्षं व्हर्जिनिया बीचला राहिले.

1966 मध्ये त्यांना कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये जागा मिळाली. 8 मे 1968 रोजी ते वारले. डीफोर्ड 1982 मध्ये गेला. त्याला त्याच हॉलमध्ये जागा मिळाली 2005 मध्ये.