दुष्काळातून मुक्तिसदनाकडे : पंडिता रमाबाई

आज नाताळ. ख्रिस्ती बांधवांच्या घरी आज आनंदाचा दिवस आहे. सणाच्या निमित्ताने त्या त्या धर्मातील एखाद्या थोर व्यक्तीचे स्मरण करावे, ही रीत आम्हांस प्रिय आहे. आणि नाताळच्या दिवशी महाराष्ट्राने कोणाचे स्मरण करावे असा विचार करू लागलो, की पंडिता रमाबाईंचेच नाव प्रथम ओठांवर येते. हे नाव वाचताच आमच्या कित्येक वाचकांच्या मनात एक जुना सल जागा होईल, हे आम्ही जाणून आहोत. वेदशास्त्रसंपन्न चित्पावन घराण्यातील ही विदुषी परधर्मात गेली, ही गोष्ट तेव्हाच्या महाराष्ट्राने सहजी गिळली नाही. त्या वादाचा निवाडा करावयास आम्ही आज बसलेलो नाही. सर्व बाजूंनी संकटे कोसळत असता देवावर भार टाकून उभे राहणे म्हणजे काय, हे या बाईंच्या चरित्रात जसे दिसते तसे क्वचितच दिसते; म्हणून हा प्रपंच.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे पंडित. पेशव्यांच्या वाड्यात राणीसाहेबांना संस्कृत शिकविले जात असल्याचे त्यांनी तरुणपणी पाहिले होते. आपल्याही पत्नीला देववाणी शिकवावी हा ध्यास त्यांनी तेव्हापासून घेतला, आणि लोकनिंदेला कंटाळून अखेर रानात आश्रम थाटला. आल्यागेल्या अतिथी-विद्यार्थ्यांच्या पाहुणचारात कर्ज झाले, आश्रम सुटला आणि कुटुंब तीर्थयात्रेस निघाले. रमा तेव्हा अवघी सहा महिन्यांची. वेताच्या पेटीत ठेवून, ती पेटी एका गड्याच्या डोक्यावर देऊन, तिला डोंगराखाली उतरविण्यात आले. पुढील सोळा वर्षे या कुटुंबाला घर असे राहिले नाही. देवळात, धर्मशाळेत, नदीच्या घाटावर मुक्काम. पुराण सांगावे, श्रोत्यांनी जे पुढे ठेवले त्यावर गुजराण करावी, उरले ते दानधर्मात घालावे. लक्ष्मीबाईंनी चालता चालता मुलीला शिकविले आणि भागवताचे हजारो श्लोक तिच्या जिभेवर खेळू लागले.

१८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. पुराण ऐकणाऱ्यांच्याच घरी अन्न नव्हते, तेथे पुराणिकाला कोण देणार? मजुरी करणे शास्त्र्यांच्या कुळाला ठाऊक नव्हते आणि भीक मागणे मानी स्वभावाला मानवत नव्हते. किडूकमिडूक दागिने विकले, वस्त्रे विकली, तांब्यापितळेची भांडीही गेली. गाठीचा शेवटचा पैसा अनंतशास्त्र्यांनी ब्राह्मणांना दान केला. जपतप, उपवास, देवतांच्या प्रदक्षिणा सारे यथासांग केले. या पुण्याने देव प्रसन्न होईल, कोठून तरी धन मिळेल, अशी त्यांची भाबडी समजूत होती. अखेर कुटुंब तिरुपतीच्या परिसरातील रानात शिरले. अकरा दिवस झाडपाला, पाणी आणि मूठभर रानखजूर यांवर काढले. आता तीर्थात देह ठेवावा, असा वृद्ध पित्याने निश्चय केला. त्या वेळी थोरला मुलगा श्रीनिवास पुढे झाला आणि जातीचा अभिमान सोडून मजुरी करण्याची तयारी त्याने दाखविली. आत्मार्पणाचा बेत राहिला, परंतु शास्त्र्यांचे शरीर आता साथ देईना. अखेरच्या घटकेस त्यांनी आपल्या धाकट्या मुलीला क्षीण हातांनी जवळ घेतले, धर्माने वागण्याचा उपदेश केला आणि तिला परमेश्वराच्या हाती सोपवून डोळे मिटले. त्यांना अभिप्रेत असलेला परमेश्वर कोणता आणि तिला पुढे भेटला तो कोणता, हा वाद पंडितांनी करावा. पित्याचे ते सोपविणे रमाबाई जन्मभर विसरल्या नाहीत.

थोड्याच दिवसांत आई गेली. स्मशान तीन मैल दूर आणि प्रेत उचलावयास माणसे नाहीत. दोन ब्राह्मणांना दया आली. तिसरा श्रीनिवास आणि चौथी रमा. ती उंचीने लहान असल्यामुळे खांदा पुरेना, म्हणून तिने तिरडीचा आपला भाग डोक्यावर घेतला. पाठोपाठ थोरली बहीणही गेली. उरलेल्या दोघा भावंडांनी मग पायी चालत जवळजवळ सारा हिंदुस्थान पालथा घातला. उत्तरेकडे झेलमच्या काठी थंडी असह्य झाली, तेव्हा नदीच्या कोरड्या वाळूत थडग्यासारखे खड्डे खणून, अंगावर वाळू ओढून त्यांनी रात्री काढल्या. या प्रवासातच मूर्तींवरील आणि व्रतवैकल्यांवरील त्यांचा विश्वास उडाला. तुकोबारायांच्या संसाराची दुष्काळाने केलेली धूळधाण आपणां सर्वांस ठाऊक आहे. एक दुष्काळ एकाला पांडुरंगाच्या पायांशी अधिकच घट्ट बांधतो आणि दुसरा दुसऱ्याला ती वाटच सोडावयास लावतो. असे का व्हावे, हे सांगण्यास आम्ही असमर्थ आहोत.

१८७८ साली ही भावंडे कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी या तरुणीची परीक्षा घेतली आणि तिला ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. मानमरातब झाला, ब्राह्मसमाजी मंडळींशी परिचय झाला. पण १८८० मध्ये श्रीनिवास वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. १८८१ मध्ये मनोरमा जन्मली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने पती गेले. वयाच्या चोविसाव्या वर्षाच्या आत आईवडील, बहीण, भाऊ आणि पती अशी सारी माणसे गमावून, कडेवर तान्ही मुलगी घेऊन ही विधवा पुण्यास आली. तेथे त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिले आणि हंटर आयोगापुढे स्त्रियांच्या शिक्षणाविषयी साक्ष दिली. लगेच १८८३ साली वैद्यकीय शिक्षणाच्या ओढीने त्यांनी इंग्लंड गाठले. वाँटेज येथील मठात त्या राहिल्या. सोबत गेलेल्या मैत्रिणीचा तेथेच अतिशय करुण मृत्यू झाला. बहिरेपण वाढत गेल्यामुळे वैद्यकीय शिक्षणाची आशाही मावळली. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

येथे एक गोष्ट नमूद केलीच पाहिजे. बाप्तिस्म्याने त्यांच्या मनाची तळमळ शमली, असे घडले नाही. मठातील गुरुभगिनींशी त्यांचे कडाक्याचे वाद झाले. धर्मगुरूंची आज्ञा विचार न करता मानणे त्यांना कधीच जमले नाही. शाकाहार त्यांनी अखेरपर्यंत सोडला नाही. धर्म मिळाला, पण ज्याच्यासाठी धर्म पत्करला तो प्रत्यक्ष भेटला नाही, अशी खंत त्यांना पुढे सात-आठ वर्षे जाळीत होती. १८९१ च्या सुमारास ती निवली. आपली पात्रता आणि आपले पुण्य मोजीत बसणे त्यांनी सोडून दिले आणि ख्रिस्ताने आपला भार आधीच उचललेला आहे, या एका श्रद्धेवर त्या विसावल्या. माणसाने पुण्य जोडायचे आणि देवाने त्याचे मोल द्यायचे, हा व्यवहार त्यांनी बालपणी जवळून पाहिला होता आणि त्याचा शेवट कसा झाला तेही पाहिले होते. आता हिशेब संपला होता. आमच्या संतांनीही हा हिशेब कधी मानला नाही, हे येथे सांगण्याचा मोह आम्हांस आवरत नाही.

मध्यंतरी १८८६ मध्ये डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेस गेल्या होत्या. तेथे त्यांनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले, गावोगाव व्याख्याने दिली, आणि हिंदू विधवांच्या शाळेला दहा वर्षे साहाय्य देण्यासाठी बोस्टन येथे एक मंडळ उभे राहिले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन निघाले. पुढच्या वर्षी ते पुण्यास आले. पुढे धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी झालेल्या गोदूबाई या सदनाच्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी. कर्व्यांच्या कार्याची पूजा करणाऱ्यांनी हे ऋण विसरू नये.

परंतु १८९३ मध्ये स्फोट झाला. सदनात धर्माच्या बाबतीत तटस्थता राहील असे आश्वासन होते. बाई स्वतःच्या खोलीत दार उघडे ठेवून प्रार्थना करीत आणि काही मुली तेथे येऊन बसू लागल्या. बाईंच्या मते कोणालाही सक्ती नव्हती; पालकांच्या मते तो विश्वासघात होता. ‘केसरी’ने टीकेची झोड उठविली, रानडे-भांडारकरांनी सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले आणि अनेक मुली काढून नेण्यात आल्या. आम्हांस असे वाटते की पालकांचा राग खोटा नव्हता, आणि दार लावून प्रार्थना करणे बाईंच्या स्वभावात नव्हते. ज्या समाजासाठी घर उभारले त्यानेच पाठ फिरविली, हा घाव मात्र मोठा होता. त्या काळात त्यांनी ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलर यांचे चरित्र वाचले. कोणापुढे हात न पसरता केवळ प्रार्थनेच्या बळावर शेकडो अनाथ मुले सांभाळणारा हा मनुष्य. हिंदुस्थानात असे होईल काय, हा प्रश्न त्यांच्या मनात घोळू लागला.

त्याचे उत्तर देण्याची वेळ फार लवकर आली. १८९६ च्या अखेरीस मध्य प्रांतातील दुष्काळाच्या वार्ता पुण्यास येऊ लागल्या. शारदा सदनाचे उत्पन्न ठरावीक. अमेरिकेतील मंडळाची दहा वर्षांची मुदत संपत आलेली. आणि नवी माणसे पोसण्यास एक पैसाही बाजूला नाही. व्यवहार सांगत होता की जाऊ नये. परंतु वीस वर्षांपूर्वी झाडपाला खाऊन राहिलेली मुलगी त्या बाईंच्या आत अजून जिवंत होती. त्या निघाल्या. दुष्काळी छावण्यांतून आणि रस्त्यांच्या कडेने हाडांचे सापळे झालेल्या, आणि भुकेल्या मुलींवर टपून बसलेल्या दुष्टांच्या तावडीत सापडलेल्या मुली त्यांनी पाहिल्या. तेथेच त्यांचा निश्चय झाला : जितक्या हाती लागतील तितक्या न्यायच्या, पैसे कोठून येणार हे पाहणे देवाचे काम. शेकडो मुली आल्या. सर्वच वाचल्या नाहीत. भुकेने पोखरलेली शरीरे अन्न मिळूनही सावरत नसत.

तोच पुण्यात प्लेग आला आणि शहरात एवढ्या मुली ठेवणे अशक्य झाले. पुण्याच्या पूर्वेस दौंडच्या लोहमार्गावर केडगाव येथे फळबागेसाठी म्हणून काही वर्षांपूर्वी घेतलेली माळजमीन होती. तेथे झोपड्या उभारून मुलींना नेले. तेच पुढे मुक्तिसदन झाले. याच सुमारास प्लेगच्या रुग्णालयात पाठविलेली सदनातील एक मुलगी बेपत्ता झाली. रमाबाईंनी १८९७ साली वृत्तपत्रात पत्र लिहून सरकारी प्लेग-व्यवस्थेचे वाभाडे काढले. सरकार दुखावले, गव्हर्नरांनी आरोप झिडकारले. बाईंनी शब्द मागे घेतला नाही. देवावर विसंबणारी माणसे अन्याय मुकाट्याने गिळतात, असा ज्यांचा समज असेल त्यांनी हे पत्र आठवावे.

१९०० च्या सुमारास गुजरातेत दुष्काळ पडला आणि पुन्हा मुलींचे लोंढे आले. मुक्तीतील पंगत दोन हजारांच्या घरात गेली. त्या अवर्षणात आसपासच्या विहिरी आटत असता मुक्तीच्या विहिरी दिवसभरात उपसून कोरड्या होत आणि सकाळी पुन्हा पुरेसे पाणी दिसे, अशी आठवण तेथे सांगितली जाते. ती जशी ऐकिवात आहे तशी आम्ही नोंदवितो. निधीची गोष्ट अधिक उघड आहे. बाई आपल्या कार्याचा वृत्तांत परदेशीच्या स्नेह्यांना कळवीत आणि इंग्लंड-अमेरिकेतून मदत येई. पण उद्या किती येईल याची हमी कोणीही दिलेली नसे आणि दारात आलेल्या मुलीला त्या कारणाने परत पाठविले जात नसे. मुलींना रिकामे मात्र कोणी बसविले नाही. शेती, गुरे, विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना हे सारे स्त्रियांच्याच हातांनी चाले. आंधळ्यांसाठी ब्रेल शिकविण्याची सोय मनोरमाबाईंनी केली. समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन निघाले. अन्नासाठी मजुरी करावयास जे कुळ एकेकाळी लाजले, त्याच कुळातील या बाईने दोन हजार हातांना काम लावले.

उतारवयात त्यांनी आणखी एक ओझे उचलले. साध्या बायाबापड्यांना समजेल असे बायबलचे मराठी भाषांतर मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांतून करावे, म्हणून त्या या भाषा शिकल्या. ऐकू येणे जवळजवळ थांबले होते. १९१९ मध्ये सरकारने त्यांना कैसर-इ-हिंद पदक दिले. आणि १९२१ च्या जुलैमध्ये, सारे कार्य जिच्या हाती सोपवावयाचे होते ती मनोरमा चाळिसाव्या वर्षी वारली. वेताच्या पेटीपासून सुरू झालेल्या या प्रवासातील रक्ताचे शेवटचे माणूसही गेले. दुसऱ्या दिवसापासून मुद्रिते तपासणे पुन्हा सुरू झाले असेल काय, याची आम्हांस कल्पना करवत नाही. पण ते काम थांबले नाही, हे निश्चित.

५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे रमाबाई निवर्तल्या. भाषांतराची अखेरची मुद्रिते पुरी करण्यापुरते आयुष्य त्यांनी देवापाशी मागितले होते आणि ते त्यांना मिळाले, असे त्यांच्या सहवासातील लोक सांगत. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर पडला. त्याचे खिळे मुक्तीच्या छापखान्यात स्त्रियांनीच जुळविले होते. त्यांतील कित्येकजणी दुष्काळाच्या वर्षी केडगावच्या माळावर आल्या, तेव्हा त्यांना अक्षरओळखही नव्हती.