आंब्रुवाझ पारे याचे चरित्र

फ्रान्स देशात सुमारे १५१० साली जन्मलेला आंब्रुवाझ पारे हा न्हावी-शस्त्रवैद्यांच्या वर्गातला. त्यास लॅटिन येत नसे, म्हणून विद्यापीठाचे वैद्य त्यास कमी लेखीत. पॅरिसच्या ओतेल-द्यू इस्पितळात अनुभव घेऊन तो सैन्याबरोबर निघाला.

बंदुकीची जखम विषारी असते, सबब तीत उकळते तेल ओतून विष जाळावे, अशी तेव्हाची शिकवण होती. १५३६-३७ च्या तुरीनकडील मोहिमेत एकदा तेल संपले. पारेने उरलेल्या शिपायांस अंड्याचा बलक, गुलाबाचे तेल व टर्पेंटाइन यांचा लेप लाविला. ते विषाने मरतील या धास्तीने त्यास रात्री झोप येईना. पहाटे पाहतो तो लेपवाले बरेच स्वस्थ, आणि तेलाने भाजलेले ज्वराने तळमळत आहेत! तेव्हापासून त्याने जाळणे सोडिले, आणि १५४५ साली हे सर्व आपल्या भाषेत छापून काढिले.

खरा शत्रू गोळीतले विष नव्हे. गोळीबरोबर माती व कपड्याच्या चिंध्या आत जातात, मांस मरते, हाडाच्या चुऱ्याभोवती पू कोंडतो. अशा ठिकाणी जंतू माजतात. हे जंतूंचे ज्ञान पारेनंतर तीनशे वर्षांनी आले. पण पू कोंडू देऊ नये एवढे त्यास पक्के समजले होते.

ते त्यास स्वतःच्या देहावरही अनुभवावे लागले. १५६१ साली नावेत चढविताना घोड्याने लाथ मारिली आणि त्याच्या डाव्या नडगीची दोन्ही हाडे मोडून कातडीबाहेर आली. अशा मोडीत पाय कापून टाकणे, नाहीतर मरणे, हेच बहुधा घडे. त्याने सोबत्यास जखम मोठी करून हाडांचे तुकडे काढावयास लाविले. जवळच्या घरी अंडे, पीठ, काजळी व लोणी यांचा लेप मिळाला, (तो आज कोणी लावू नये.) पुढे ज्वर आला, गळू झाले, परंतु पाय वाचला.

१५६९ साली राजाने त्यास फ्लँडर्स प्रांती मार्की दाव्रे या सरदाराकडे पाठविले. गोळीने त्याच्या मांडीचे हाड मोडून सात महिने झाले होते. डोळे खोल गेलेले, जीभ कोरडी, ढुंगणावर तळहाताएवढा व्रण, आणि अंथरुणाची चादर दोन महिने बदललेली नाही! आमच्या मते त्या चादरीनेही गोळीइतकाच घात चालविला होता. पारेने मांडीस नव्या वाटा करून पू व हाडांचे तुकडे बाहेर काढिले, रोग्यास स्वच्छ बिछान्यावर निजविले, पोषक अन्न दिले. झोप यावी म्हणून उंचावरून भांड्यात पाणी ठिबकत ठेविले, की पावसाचा भास व्हावा. आज डॉक्टर अशी जखम लवकर उघडून धुतात, मेलेले मांस काढितात आणि पहिल्या काही तासांतच जंतुनाशक औषध देतात. औषध नवे, वाट बरीचशी तीच.

ज्वर हळूहळू उतरला. रोगी बसू लागल्यावर पारेने वाजंत्री व एक विनोद करणारा बोलाविला. पुढे मार्कीस खुर्चीत बसवून वाड्याच्या दारापाशी नेऊ लागले, तेव्हा दोन-तीन कोसांवरचे शेतकरी सणाच्या दिवशी त्यास पाहावयास येऊन तेथे गात व नाचत.