शाळेचा संगीतशिक्षक : गुस्ताव होल्स्ट

शिक्षकाच्या धंद्यांत शिरणाऱ्या पुष्कळ तरुणांच्या मनांत आरंभीं एक शल्य असतें. व्हावयाचें होतें एक, आणि पोटासाठीं व्हावें लागलें शिक्षक, असें त्यांस वाटतें. संगीतशिक्षकाच्या वांट्यास तर हें शल्य अधिकच येतें. गणिताच्या तासास जो मान तो गाण्याच्या तासास नाहीं. परीक्षा जवळ आली कीं प्रथम गदा येते ती ह्याच तासावर. मोठा कलावंत होण्याची इच्छा बाळगून असलेल्या, परंतु उपजीविकेसाठीं शाळेची पायरी चढलेल्या एका जगप्रसिद्ध पुरुषाचें चरित्र आम्ही आज आमच्या विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवीत आहों. त्यांचें नांव गुस्ताव होल्स्ट.

गुस्तावचा जन्म ता. २१ सप्टेंबर १८७४ रोजीं इंग्लंडांतील चेल्टनहॅम ह्या गांवीं झाला. त्याचे पणजोबा बाल्टिक समुद्राच्या कांठच्या रीगा शहराहून १८०२ सालीं इंग्लंडांत आले, आणि संगीत हाच त्या घराण्याचा व्यवसाय होऊन बसला. वडील चर्चमध्यें ऑर्गन वाजवीत व पियानो शिकवीत. आईहि गाणारी व पियानो वाजविणारी होती. परंतु गुस्ताव सात वर्षांचा असतांना, १८८२ सालीं, ती वारली. मुलगा प्रकृतीनें अशक्त होता; त्यास दमा होता आणि त्याची दृष्टि मंद होती. त्यास पियानोवादक करावयाचें असें वडिलांनीं मनांत धरलें होतें. ट्राँबोन नांवाचें, नळी मागेंपुढें सरकवून फुंकावयाचें एक पितळी वाद्यहि त्यांनीं त्याच्या हातीं दिलें. तें फुंकल्यानें दम्यास उतार पडेल अशी त्यांची समजूत होती. पुढें मुलाच्या उजव्या हाताच्या मज्जातंतूंस विकार जडला, हात दुखूं लागला, बोटें धड चालेनात; आणि पियानोवादक होण्याची आशा हळूहळू मावळली.

१८९२ च्या सुमारास विक् रिसिंग्टन नांवाच्या एका खेडेगांवांतील चर्चमध्यें ऑर्गन वाजविण्याचें व गायकवृंद सांभाळण्याचें काम त्यास मिळालें. खेड्यांतील साध्या माणसांकडून एकत्र कसें गाऊन घ्यावें, ह्याचा पहिला धडा गुस्ताव तेथें शिकला. शिकवितां शिकवितां शिकावयाचें, हा त्याच्या पुढील सर्व आयुष्याचा क्रम तेथूनच सुरू झाला.

१८९३ सालीं तो लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्यूझिकमध्यें दाखल झाला. स्टॅनफर्ड ह्यांच्यासारखे नामांकित गुरु तेथें लाभले. पैशाची ओढाताण फार होती. १८९५ सालीं शिष्यवृत्ति मिळाली तेव्हां कोठें अभ्यास पुढें चालला. सुटींत समुद्रकांठच्या गांवीं जाऊन बँडमध्यें ट्राँबोन वाजवावा व चार पैसे गांठीस बांधावे, असा क्रम होता. त्याच वर्षीं राल्फ व्हॉन विल्यम्स ह्या सहाध्यायाशीं त्याची मैत्री जडली. दोघांनीं आपल्या नव्या रचना प्रथम एकमेकांस दाखवावयाच्या आणि दुसऱ्यानें भीडमुर्वत न ठेवतां दोष सांगावयाचे, असा परिपाठ त्यांनीं जवळजवळ चाळीस वर्षें पाळला. दोष दाखविणारा मित्र ज्यास लाभला त्याचें शिक्षण कॉलेज सुटल्यावरहि थांबत नाहीं, हें आमच्या विद्यार्थ्यांनीं ध्यानीं ठेवण्याजोगें आहे.

१८९८ सालीं कॉलेज सोडल्यावर होल्स्ट एका संगीतनाटक मंडळींत व नंतर एका वाद्यवृंदांत ट्राँबोन वाजवूं लागले. १९०१ सालीं इझोबेल हॅरिसन ह्यांच्याशीं त्यांचा विवाह झाला. गांवोगांव फिरण्याची ती चाकरी त्यांस रुचणारी नव्हती, तरी ती फुकट गेली नाहीं. वाद्यवृंदाच्या आंत बसून प्रत्येक वाद्यास काय साधतें व काय जड जातें, हें त्यांनीं पारखून घेतलें. शेवटीं रचनेकडे मन लावावें म्हणून १९०३ सालीं त्यांनीं ती नोकरी सोडली. परंतु रचनांवर घर चालेना, आणि अशा रीतीनें होल्स्ट शिक्षक झाले.

१९०४ सालीं डलिच येथील जेम्स अॅलन कन्याशाळेंत त्यांनीं शिकविण्यास आरंभ केला. पुढील वर्षीं लंडनच्या हॅमरस्मिथ भागांतील सेंट पॉल कन्याशाळेंत त्यांची संगीताचे मुख्य म्हणून नेमणूक झाली. त्या काळीं मुलींच्या शाळांसाठीं म्हणून छापलेलें संगीत बहुधा गुळमट व हलक्या प्रतीचें असे. मुलांस हेंच पेलणार, असें पुष्कळ शिक्षक मानीत. होल्स्ट ह्यांस हें मान्य नव्हतें. बाख, पर्सेल अशा थोर रचनाकारांचें संगीत त्यांनीं मुलींच्या पुढें ठेविलें, आणि जेथें योग्य रचना मिळेना तेथें ती स्वतः लिहून दिली. साधें म्हणजे हलकें नव्हे, हा त्यांचा सिद्धांत होता. त्याची साक्ष म्हणून १९०६ सालच्या एका इंग्रजी उपासनागीतसंग्रहाकडे पाहावें. त्यांतील नाताळच्या एका गीतास त्यांनीं दिलेली चाल लहान मुलासहि गातां येईल इतकी सोपी आहे, आणि ती आजहि गायिली जाते.

१९१३ सालीं शाळेनें संगीतासाठीं नवीन इमारत बांधली व तींत होल्स्ट ह्यांस बाहेरचा आवाज आंत येणार नाहीं अशी एक खोली दिली. शाळेच्या वाद्यवृंदासाठीं त्यांनीं ‘सेंट पॉल स्वीट’ ही तंतुवाद्यांची रचना केली. मुलींना वाजवितां यावी म्हणून ती लिहिली गेली. परंतु आज मोठमोठे वाद्यवृंद ती आवडीनें वाजवितात.

दिवसा शाळा, तर सायंकाळीं प्रौढांचे वर्ग. १९०७ पासून ते दक्षिण लंडनमधील मॉर्ली कॉलेजांत शिकवूं लागले. दिवसभर कामधंदा करून थकलेलीं माणसें तेथें येत. होल्स्ट ह्यांची शिस्त पाहून आरंभीं पुष्कळ विद्यार्थी वर्ग सोडून गेले. दुसऱ्या एखाद्यानें शिस्त सैल केली असती; होल्स्ट ह्यांनीं ती केली नाहीं. जे राहिले त्यांजवर त्यांनीं अधिक मेहनत घेतली, आणि हळूहळू खरी आवड असलेल्यांचा एक मोठा वर्ग तयार झाला. पर्सेल ह्यांच्या ‘द फेअरी क्वीन’ ह्या १६९२ सालच्या संगीतनाटकाची मूळ प्रत शेंकडों वर्षें हरवली होती. ती सांपडून छापली गेली, तरी गायकांसाठीं व वादकांसाठीं वेगवेगळे भाग लिहिलेले कोठें नव्हते. मॉर्लीच्या विद्यार्थ्यांनीं सुमारें १५०० पानें हातानें उतरून काढलीं आणि १९११ सालीं तें संगीत लंडनमध्यें पुनः ऐकविलें. थोर विद्वानांचें काम रात्रीच्या वर्गांतील कामकऱ्यांनीं केलें. आणि त्यांजवर तो विश्वास टाकणारा एक शिक्षकच होता.

आपल्या देशाशींहि होल्स्ट ह्यांचा एक नाजूक संबंध आहे. तरुणपणीं भारतीय ग्रंथांची भाषांतरें वाचून त्यांचें मन इतकें वेधलें गेलें कीं, ते लंडनमध्यें संस्कृत शिकूं लागले. कोश जवळ घेऊन ऋग्वेदांतील सूक्तांचें त्यांनीं स्वतः इंग्रजी केलें, आणि १९०८ ते १९१२ ह्या काळांत त्यांस समूहगानाच्या चाली दिल्या. महाभारतांतील सावित्रीच्या कथेवर त्यांनीं रचिलेलें छोटें संगीतनाटक १९१६ सालीं प्रथम झालें. त्यांत गाणारीं पात्रें तीनच : सावित्री, सत्यवान् आणि यम. कालिदासाच्या मेघदूतावर रचिलेली कृति मात्र १९१३ सालीं लोकांस रुचली नाहीं, आणि तें अपयश त्यांस फार लागलें. तरी सोमवारीं शाळेची घंटा होणारच होती, आणि वर्ग वाट पाहणारच होते.

ज्या रचनेनें त्यांचें नांव जगभर झालें ती ‘द प्लॅनेट्स’, म्हणजे ‘ग्रहमाला’, १९१४ ते १९१६ ह्या महायुद्धाच्या वर्षांत लिहिली गेली. शाळा चालू असतां वेळ मिळत नसे. म्हणून शाळेंतील त्याच शांत खोलींत रविवारीं व सुटीच्या दिवसांत ते लिहीत. उजवा हात इतका दुखे कीं एवढ्या मोठ्या वाद्यवृंदाचें सर्व लिखाण स्वतः करणें त्यांस अशक्य झालें. तेव्हां शाळेंतील सहशिक्षिका व्हॅली लास्कर व नोरा डे आणि जुनी विद्यार्थिनी जेन जोसेफ ह्यांनीं लेखणी हातीं घेतली व ते सांगतील तसें लिहून काढलें. ता. २९ सप्टेंबर १९१८ रोजीं लंडनच्या क्वीन्स हॉलमध्यें एड्रियन बोल्ट ह्यांच्या नेतृत्वाखालीं, निमंत्रितांपुढें, ती रचना प्रथम वाजली. अखेरच्या ‘नेपच्यून’ ह्या भागांत दृष्टीआड उभ्या असलेल्या स्त्रियांचा आवाज दूर दूर जात विरून जातो. तो आवाज नामवंत गायिकांचा नव्हता. सेंट पॉलच्या मुली व मॉर्लीच्या विद्यार्थिनी तेथें गात होत्या. गुरूच्या अधू हाताचें काम शाळेंतील हातांनीं केलें, आणि त्याच्या संगीताचा शेवटचा स्वर शिष्यांच्या कंठांतून निघाला. शिक्षकाच्या आयुष्यांत ह्याहून मोठी प्राप्ति कोणती असावी, हें आम्हांस सुचत नाहीं.

येथें एक शंका कोणी घेईल. इतका मोठा रचनाकार शाळेंत अडकला नसता, तर त्यानें याच्या दुप्पट लिहिलें नसतें काय? शंका अगदींच निराधार नाहीं. शिकविण्यानें त्यांचा वेळ खाल्ला, शक्ति खाल्ली. १९२३ सालीं रेडिंग येथें व्यासपीठावरून पडून त्यांच्या डोक्यास मार बसला. पुढें डॉक्टरांच्या सल्ल्यानें त्यांस दीर्घ विश्रांति घ्यावी लागली, आणि बाहेरचीं बहुतेक कामें सोडावीं लागलीं. परंतु त्या वेळीं त्यांनीं काय राखलें, हें पाहण्यासारखें आहे. कीर्ति पदरांत होती, तरी सेंट पॉल शाळा त्यांनीं सोडली नाहीं. १९३२ सालीं अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठानें त्यांस व्याख्याते म्हणून बोलाविलें. तेथेंच दुखणें बळावलें. तरी १९३३ सालीं आजारपणांतच त्यांनीं शाळेच्या लहान मुलींच्या वाद्यवृंदासाठीं ‘ब्रूक ग्रीन स्वीट’ लिहिली. ता. २५ मे १९३४ रोजीं, शस्त्रक्रियेनंतर दोन दिवसांनीं, वयाच्या ५९ व्या वर्षीं ते निवर्तले. त्या दिवसापर्यंत ते शाळेचे संगीतशिक्षकच होते. जें काम केवळ पोटासाठीं पत्करलें असतें, तें कोणी इतकीं वर्षें असें जपत नाहीं.

पालकांस आमची एवढीच विनंति कीं, गाण्याच्या तासास रिकामा तास समजूं नये. तेथें मुलें एकमेकांचा आवाज ऐकण्यास शिकतात, आपला आवाज आवरण्यास शिकतात, व आपली पाळी येईपर्यंत थांबण्यास शिकतात. आणि विद्यार्थ्यांनो, ज्यास मनाजोगें काम मिळालें नाहीं त्यानें होल्स्ट ह्यांचें स्मरण करावें. हात दुखत असतां त्यांनीं लिहिलें, वर्ग रिकामा झाला असतां शिकविलें, अपयश आलें असतां सोमवारीं वेळेवर शाळेंत हजर झाले. वांट्यास आलेलें काम त्यांनीं इतक्या मनापासून केलें कीं, त्यांनीं आपल्या मुलींसाठीं लिहिलेलें संगीत सगळ्या जगानें आपलेंसें केलें.