अर्कादी स्त्रुगात्स्की : पाहुण्यांनी मागे टाकलेल्या वस्तू



विज्ञानकथेच्या अभ्यासात परग्रहवासीयांनी मानवाला दिलेल्या देणगीची कल्पना तुम्हाला वारंवार भेटेल. मराठी वाचकाला ती परकी वाटण्याचे कारण नाही. डॉ. जयंत नारळीकर यांच्या एका कथासंग्रहाचे नावच ‘यक्षांची देणगी’ असे आहे. त्याच्याही फार पूर्वीपासून वर देणारे देव, अक्षय पात्र देणारा सूर्य, प्रश्न विचारून मग प्रसन्न होणारा यक्ष या साऱ्यांना आपण आख्यानांतून ओळखत आलो आहोत. या कथांत देणाऱ्याला चेहरा असतो, घेणाऱ्याची काही पात्रता असते आणि देण्यामागे हेतू असतो. आता असे समजा की देणारा आला, काही वस्तू टाकून निघून गेला, आणि येथे कोणी राहते याची त्याने दखलही घेतली नाही. मग त्या वस्तूंना देणगी म्हणायचे की कचरा? विसाव्या शतकात हा प्रश्न सर्वांत निर्भयपणे विचारणाऱ्या दोन भावांपैकी थोरल्याचे चरित्र आपण येथे पाहणार आहोत. धाकटा भाऊ बोरिस या चरित्रात पदोपदी येईल, कारण त्याला वगळून अर्कादींविषयी लिहिता येत नाही.

अर्कादी नातानोविच स्त्रुगात्स्की यांचा जन्म २८ ऑगस्ट १९२५ रोजी काळ्या समुद्राच्या काठावरील बातुमी या शहरात झाला. त्यांचे वडील नातान हे कलेचे अभ्यासक आणि ग्रंथसूचीकार होते, तर आई अलेक्सांद्रा शिक्षिका होती. कुटुंब लवकरच लेनिनग्राडला आले आणि १९३३ मध्ये तेथे बोरिसचा जन्म झाला. दोघा भावांत जवळजवळ आठ वर्षांचे अंतर होते. थोरला गोष्टी रचून सांगायचा आणि धाकटा ऐकायचा. पुस्तकांनी भरलेले घर, पगार बेताचा, असे ते मध्यमवर्गीय बालपण होते. त्यावर याहून अधिक थांबण्याची गरज नाही, कारण या आयुष्याची खरी कलाटणी १९४१ च्या सप्टेंबरात आहे.

त्या महिन्यात जर्मन सैन्याने लेनिनग्राडला वेढा घातला. तो ८७२ दिवस टिकला आणि त्यात लक्षावधी नागरिक मुख्यतः उपासमारीने मेले. पहिला हिवाळा सर्वांत भीषण होता. जानेवारी १९४२ च्या अखेरीस स्त्रुगात्स्की कुटुंबाला एक निर्णय घ्यावा लागला. गोठलेल्या लादोगा सरोवरावरून शहराबाहेर पडण्याची वाट होती, पण लहानगा बोरिस आजारी होता आणि तो प्रवासात टिकणार नाही असे आईवडिलांना वाटले. म्हणून कुटुंबाची फाळणी करायची ठरले. वडील व सोळा वर्षांचे अर्कादी बाहेर पडतील; आई व बोरिस मागे राहतील. कोण वाचेल याचा अंदाज बांधून हा निर्णय घेतला गेला आणि तो अंदाज अर्धाच खरा ठरला. आई आणि बोरिस त्या शहरात तगले. बाहेर पडलेल्यांपैकी वडील वोलोग्दा येथे वारले. अर्कादी एकटे उरले. पुढे ओरेनबुर्गकडील ताशला या गावी दूध गोळा करणाऱ्या केंद्रावर त्यांनी काम केले आणि त्याच वर्षी आई व भाऊ त्यांना तेथे येऊन मिळाले.

लेखकाच्या आयुष्यातील एखादी घटना उचलून तिचा धागा थेट त्याच्या कादंबरीला जोडणे हा चरित्रात्मक समीक्षेचा जुना दोष आहे, आणि तो टाळावा असे या अभ्यासक्रमात तुम्ही इतरत्र शिकला आहात. तरीही एवढे म्हणता येईल की जगणे आणि मरणे हे माणसाच्या लायकीवर ठरत नाही, हे या मुलाने पुस्तकात वाचण्यापूर्वीच पाहिले होते.

१९४३ मध्ये अर्कादी सैन्यात दाखल झाले. त्यांना मॉस्कोच्या लष्करी परकीय भाषा संस्थेत पाठवण्यात आले आणि तेथे १९४९ मध्ये ते जपानी व इंग्रजीचे दुभाषे झाले. त्यानंतर १९५५ पर्यंत सैबेरिया, कामचाट्का आणि अतिपूर्वेकडील प्रदेशात त्यांनी नोकरी केली. जपानीचा अभ्यास त्यांना आयुष्यभर पुरला. अकुतागावा, कोबो आबे, नात्सुमे सोसेकी अशा लेखकांचे साहित्य त्यांनी रशियनमध्ये आणले. कधी ते टोपणनावाने अनुवाद करीत. त्यांचे पहिले पुस्तक ‘बिकिनीची राख’ हे लेव पेत्रोव यांच्यासह लिहिलेले असून त्याचा विषय प्रशांत महासागरातील अमेरिकन हायड्रोजन बॉम्बची चाचणी आणि तिच्या धुळीत सापडलेले जपानी मच्छीमार हा होता. आकाशातून पडणारी, कोणी न मागितलेली वस्तू त्यांच्या लेखनात प्रथम येते ती अशी. अजून तिला विज्ञानकथेचा वेषही चढलेला नाही.

सैन्यातून सुटल्यावर अर्कादी मॉस्कोत प्रकाशनसंस्थांमध्ये संपादकाचे काम करू लागले. बोरिस लेनिनग्राडमध्ये खगोलशास्त्र शिकून पुल्कोवो वेधशाळेत रुजू झाला होता. दोन शहरांत राहणाऱ्या या भावांची पहिली संयुक्त कादंबरी १९५९ मध्ये आली. त्यांची लिहिण्याची पद्धत लक्षात ठेवण्यासारखी आहे. ते काही आठवडे एकत्र येत, बहुधा लेनिनग्राडजवळ कोमारोवो येथील लेखकगृहात. एकजण टंकलेखन यंत्रावर बसे, दुसरा फेऱ्या मारी. प्रत्येक वाक्य मोठ्याने उच्चारले जाई, त्यावर वाद होई आणि दोघांना पटले तरच ते कागदावर उतरे. अमुक परिच्छेद कोणाचा, हे शोधू पाहणाऱ्या अभ्यासकांचे श्रम म्हणूनच वाया जातात.

१९६४ ची ‘देव होणे कठीण’ ही कादंबरी तुम्ही आपल्या विषयाच्या उलट बाजूने वाचावी. येथे पृथ्वीवरील माणूसच परग्रहावरचा पाहुणा आहे. मध्ययुगीन अवस्थेतील एका ग्रहावर आपला निरीक्षक वेष पालटून राहतो. त्याच्यापाशी सामर्थ्य आहे, ज्ञान आहे, परंतु लोकांना ते देण्याची मुभा नाही. सत्तेने विद्वानांची शिकार सुरू केली तरी त्याने पाहत राहायचे. आणि दिले तरी काय देणार? विपुलता दिली तर ते श्रम विसरतील, शस्त्र दिले तर उद्या तेच जुलमी होतील, आणि स्वभावच बदलून टाकला तर ती माणसे उरणार नाहीत. देणाऱ्याची ही कोंडी मांडून झाल्यावर तीन वर्षांनी ‘मंगळवासीयांचे दुसरे आक्रमण’ ही छोटी, कडवट विनोदी कादंबरी आली. एच. जी. वेल्सच्या कादंबरीत मंगळवासीयांना यंत्रे आणि उष्णकिरण घेऊन यावे लागले होते. स्त्रुगात्स्कींच्या पुस्तकात ते लोकांचा जठररस रोख पैसे मोजून विकत घेतात, नवे निळे धान्य पेरायला लावतात, आणि गाव कुरकुर न करता त्यांचे होऊन जाते. नायक निवृत्त शिक्षक असून त्याची सर्वांत मोठी चिंता स्वतःचे निवृत्तिवेतन ही आहे. माझ्या मते त्यांचे हे पुस्तक अकारण दुर्लक्षित राहिले.

आता आपण मुख्य कृतीकडे वळू. ‘रस्त्याकडेची सहल’ ही कादंबरी १९७१ मध्ये लिहून झाली आणि १९७२ मध्ये लेनिनग्राडच्या ‘अव्रोरा’ मासिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. परग्रहवासी पृथ्वीवर सहा ठिकाणी येऊन गेले आहेत. त्यांना कोणी पाहिलेले नाही. मागे राहिले आहेत ते ‘झोन’ म्हणून ओळखले जाणारे निषिद्ध प्रदेश आणि त्यांत विखुरलेल्या वस्तू. एक वस्तू कधीही न संपणारी ऊर्जा देते आणि लोक तिच्यावर मोटारी चालवतात. दुसरीत तांब्याच्या दोन चकत्या आहेत, मध्ये काहीही नाही, तरी त्या ना जवळ येतात ना दूर जातात. तिसरीचा स्पर्श झाला तर पायातील हाडे विरघळतात. एक शास्त्रज्ञ या सगळ्याला नाव देतो, आणि तेच कादंबरीचे नाव ठरते. सहलीला आलेल्यांनी रस्त्याकडेला गाडी थांबवावी, खावे-प्यावे आणि निघून जावे. मग रानातील मुंग्या-पाखरांनी तेथील तेलाचे डाग, डबे, विसरलेले पाने-पकडी यांभोवती फिरून पाहावे, तशी आपली अवस्था आहे असे त्याला वाटते. क्षणभर वाचन थांबवा आणि पाहा, मानवाचे विश्वातील स्थान इतक्या घरगुती दृष्टान्तातून इतके खाली आणलेले तुम्ही अन्यत्र वाचले आहे का?

या वस्तू चोरून आणणाऱ्यांना कादंबरीत ‘स्टॉकर’ म्हटले आहे. हा शब्द भावांना किपलिंगच्या ‘स्टॉकी अँड कंपनी’ या शाळकरी मुलांच्या कथांवरून सुचला. अर्कादींनी तरुणपणी त्या पुस्तकाचा अनुवाद धाकट्या भावासाठी केला होता. मुंबईत जन्मलेल्या लेखकाच्या एका खोडकर पात्राचे नाव असे फिरत फिरत रशियन भाषेत जाऊन बसले. नायक रेड्रिक शुहार्ट हा असाच एक स्टॉकर आहे. झोनमध्ये वावरल्याची किंमत त्याची मुलगी भरते : ती अंगभर लव घेऊन जन्मते आणि वाढत जाते तशी माणसांची भाषा हरवत जाते. शेवटी रेड्रिक इच्छा पुरी करणाऱ्या सोनेरी गोलापर्यंत पोहोचतो. त्याच्यासाठी तो एका तरुणाचा बळी जाऊ देतो. आणि मागण्याची वेळ येते तेव्हा त्याला कळते की आपल्यापाशी स्वतःचा असा विचारच नाही, मागायला शब्द नाहीत. मेलेल्या मुलाने ओरडून मागितलेले सर्वांचे सुख, तेवढेच तो उसने घेतो.

पुस्तकरूपाने ही कृती ‘मोलोदाया ग्वार्दिया’ या प्रकाशनसंस्थेकडून यायची होती. त्याला आठ वर्षे लागली. त्या काळात दोघा भावांवर आधीच संशयाची छाया होती. त्यांच्या कथा छापणारे मासिकांचे अंक मागे घेतले गेले होते आणि एक कादंबरी त्यांच्या परवानगीविना परदेशात छापली गेली होती. मात्र ‘रस्त्याकडेची सहल’बाबतचे लेखी आक्षेप राजकीय नव्हते. संपादकांनी पाठवलेल्या याद्यांत पात्रांच्या अनैतिक वर्तनाविषयी ९३, शारीरिक हिंसेविषयी ३६ आणि ग्राम्य व बाजारी शब्दांविषयी २५१ आक्षेप होते. संख्या पाहा. सर्वाधिक भीती भाषेची होती. ग्रामीण आणि दलित साहित्याच्या घटकात अशाच आक्षेपांचा इतिहास तुम्ही वाचला असेल. येथे तर भाषा स्वच्छ करणे म्हणजे कादंबरीचा शेवटच काढून घेणे होते, कारण सभ्य, घोटीव भाषेत बोलणारा रेड्रिक सोनेरी गोलासमोर निःशब्द होऊच शकला नसता. भाऊ पत्रे लिहीत राहिले, वरिष्ठांकडे तक्रारी करीत राहिले, काही ठिकाणी नमले. १९८० मध्ये पुस्तक निघाले ते छाटलेल्या रूपात.

दरम्यान आंद्रेई तार्कोव्हस्की या कथेवर चित्रपट करीत होते. १९७७ मध्ये एस्टोनियात टालिनजवळ केलेले चित्रीकरण फिल्म खराब निघाल्याने वाया गेले. दिग्दर्शकाला आता नायकही वेगळा हवा होता. अर्कादी टालिनला गेले, तेथून लेनिनग्राडला भावाकडे आले आणि दोघांनी थोड्याच दिवसांत पटकथा नव्याने लिहून दिली. कठोर तस्कराचा श्रद्धाळू, दुबळा वाटाड्या झाला. पटकथेच्या अशा अनेक आवृत्त्या झाल्या, आणि अर्कादींसारख्या अनुभवी अनुवादकाने त्या निमूट लिहिल्या, हे विशेष. १९७९ च्या ‘स्टॉकर’मध्ये परग्रहावरच्या वस्तू जवळजवळ दिसतच नाहीत, उरते ती इच्छा पुरी करणारी एक खोली, आणि तिच्या उंबऱ्याशी थांबलेली माणसे.

१९८६ मध्ये चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली. तिच्याभोवती रिकामा केलेला प्रदेश ‘झोन’ झाला आणि त्यात चोरून शिरणाऱ्यांना लोक ‘स्टॉकर’ म्हणू लागले. अर्कादी तेव्हा हयात होते. त्या वेळी त्यांच्या देशात बंधने सैल होऊ लागली होती आणि अडवून ठेवलेली त्यांची पुस्तके एकामागून एक छापली जाऊ लागली.

१२ ऑक्टोबर १९९१ रोजी मॉस्कोत दीर्घ आजाराने अर्कादींचे निधन झाले. सोव्हिएत संघ त्यानंतर अडीच महिनेही टिकला नाही. त्यांच्या इच्छेनुसार दफन न करता त्यांच्या अस्थी हेलिकॉप्टरमधून विखुरण्यात आल्या. बोरिस २०१२ पर्यंत जगले आणि त्यांनी आणखी दोन कादंबऱ्या लिहिल्या. स्त्रुगात्स्की हे नाव दोघांचे होते असे मानून त्यांनी ते त्या पुस्तकांवर घातले नाही, तेथे एस. वितित्स्की असे टोपणनाव आहे.