बाबा आमटे : दुखऱ्या कण्याने पेललेले आयुष्य

पाठीच्या कण्याच्या विकारामुळे आयुष्याची अखेरची अनेक वर्षे ज्यांना खुर्चीवर बसणेही अशक्य झाले होते, त्या मुरलीधर देवीदास ऊर्फ बाबा आमटे यांनी याच काळात देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोन यात्रा काढल्या. बाबांचे कार्य सर्वपरिचित आहे. परंतु ते ज्या शरीराने केले, त्या शरीराची कथा दीर्घकालीन कंबरदुखीने त्रस्त असलेल्या प्रत्येकाने समजून घ्यावी अशी आहे.

बाबांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ रोजी हिंगणघाट येथे झाला. नागपुरात कायद्याचे शिक्षण घेऊन त्यांनी वरोऱ्यात वकिली केली. तेथे सफाई कामगारांचे संघटन करताना त्यांनी स्वतः डोक्यावरून मैल्याच्या पाट्या वाहिल्या. तुळशीराम या कुष्ठरुग्णाच्या दर्शनाने त्यांच्या जीवनाला कलाटणी मिळाली. १९४९ मध्ये त्यांनी कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये कुष्ठरोगोपचाराचे प्रशिक्षण घेतले. त्यानंतर सहा रुग्ण, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये एवढ्या भांडवलावर वरोऱ्यानजीकच्या खडकाळ माळावर आनंदवन उभे राहिले. विहीर खणण्यापासून शेत तयार करण्यापर्यंतची सारी कामे बाबा व साधनाताईंनी रुग्णांच्या बरोबरीने केली.

पुढे मणक्यांच्या झिजेने, म्हणजेच स्पाँडिलोसिसने बाबांना गाठले. या विकारात मणक्यांमधील चकत्या झिजतात, हाडांना टोके फुटतात आणि क्वचित मज्जातंतूंवर दाब येतो. बाबांवर शस्त्रक्रियाही झाल्या. तथापि दुखणे गेले नाही. शस्त्रक्रियेने मज्जातंतूवरील दाब दूर करता येतो. झालेली झीज मात्र भरून निघत नाही. उभे राहणे किंवा आडवे होणे, एवढेच दोन पर्याय बाबांपुढे उरले.

बाबांनी त्या दोन्ही पर्यायांचा पुरेपूर उपयोग केला. डिसेंबर १९८५ मध्ये कन्याकुमारीहून ‘भारत जोडो’ यात्रा निघाली. तरुण सायकलवर आणि सत्तरी ओलांडलेले बाबा वाहनात बिछान्यावर, अशी ही यात्रा काश्मीरपर्यंत गेली. पुढची यात्रा अरुणाचलातील इटानगरहून गुजरातमधील ओख्यापर्यंत झाली. १९९० मध्ये आनंदवन सोडून ते नर्मदाकाठच्या कसरावद येथे राहावयास गेले आणि सुमारे दशकभर तेथेच राहिले. मॅगसेसे पुरस्कार (१९८५), पद्मविभूषण (१९८६) आणि गांधी शांतता पुरस्कार (१९९९) असे अनेक सन्मान त्यांना या कालखंडात लाभले. ९ फेब्रुवारी २००८ रोजी आनंदवनात त्यांचे निधन झाले.

बाबांचा विकार गंभीर होता. प्रत्येक कंबरदुखी तशी नसते. बहुसंख्य रुग्णांत दुखण्याचे एक निश्चित कारण सापडतच नाही. अशा रुग्णांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. आजाराची नीट माहिती, नियमित व्यायाम, मानसोपचाराची जोड आणि गरजेपुरती सूजविरोधी वेदनाशामके यांवर त्यांत भर आहे. कमरेचे पट्टे, वजने लावून ताण देणे आणि अफूजन्य वेदनाशामके यांची शिफारस मात्र केलेली नाही. पायातील शक्ती कमी होणे, जांघेत बधिरता येणे किंवा लघवी-शौचावरील ताबा जाणे अशी लक्षणे दिसल्यास विलंब न लावता अस्थिरोगतज्ज्ञ अथवा मेंदू व मज्जारज्जू शल्यविशारदाकडे जावयास हवे. इतरांच्या बाबतीत फिजिओथेरपिस्ट, वेदनातज्ज्ञ आणि फिजिशियन यांचे एकत्रित उपचार अधिक हितकारक ठरतात. दीर्घकाळ अंथरुणाला खिळून राहण्याने मात्र स्नायू दुबळे होतात आणि दुखणे वाढते.

शहरी रुग्णाला हे सारे उपचार गाठता येतात. नेकनूर परिसरासह बीड जिल्ह्यातील गावोगावचे मजूर मात्र दरवर्षी ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. वाकून ऊस तोडणे आणि डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढणे, हे त्यांचे रोजचे काम. मुकादमाकडून उचल घेतलेली असल्याने एक दिवस घरी राहिले तरी खाडा भरावा लागतो. विश्रांती, व्यायाम किंवा तज्ज्ञाची भेट यांना त्या वेळापत्रकात जागाच नसते.

बाबांच्या दुखण्यावर पूर्ण इलाज सापडला नाही. परंतु त्यांच्याभोवती सहकाऱ्यांचे मोठे वर्तुळ होते आणि दुखण्याला जुळेल असे काम त्यांना करता आले. दीर्घकालीन कंबरदुखीत पूर्ण बरे होण्याइतकेच महत्त्व या सोयीला आहे. ती सोय कष्टकऱ्याच्या वाट्याला कशी येईल, हा प्रश्न बाबांचे स्मरण करताना विचारलाच पाहिजे.