आचार्य धर्मानंद कोसंबी : धरणे आणि सोडणे

पौर्णिमेच्या वंदनेनंतर विहारात एक प्रश्न हमखास निघतो. तृष्णा सोडा असं धम्म सांगतो, मग निर्वाणाची ओढ ही तृष्णा नव्हे काय? आणि पोराबाळांच्या संसारात अनासक्ती जमायची कशी? याचं उत्तर शोधताना आम्हाला आचार्य धर्मानंद कोसंबी यांचं चरित्र आठवतं.

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील साखवाळ गावी झाला. शाळा फार झाली नाही. लहान वयात लग्न झालं. ‘बालबोधमेवा’ या मुलांच्या मासिकात तथागतांविषयी वाचलं आणि मनाला ओढ लागली. १८९९ च्या अखेरीस पत्नी बाळाबाई आणि तान्ह्या मुलीला मागे ठेवून ते बाहेर पडले. पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ, बोधगया अशी वणवण केली. काशीत अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले. १९०२ साली श्रीलंकेत सुमंगलाचार्यांकडे श्रामणेर झाले, पालि शिकले. पुढे ब्रह्मदेशातही राहिले.

म्हणजे बघा, सगळं सोडलं, पण धम्म जाणण्याची ओढ घट्ट धरली. तीही सोडली असती तर ते गोव्याबाहेर पडलेच नसते! तराफ्याचा दृष्टांत आपण ऐकला आहे. नदी ओलांडेपर्यंत तराफा धरावाच लागतो, पैलतीरी पोचल्यावर तो डोक्यावर घेऊन फिरायचं नसतं. मात्र या ओढीची किंमत बाळाबाईंनीही मोजली, हे आमच्या भगिनींनी विसरू नये आणि बंधूंनी तर मुळीच विसरू नये.

१९०६ साली चीवर उतरवून धर्मानंद घरच्यांना येऊन भेटले. संसार पुन्हा जोडला. १९०७ साली मुलगा झाला. तेच पुढे प्रसिद्ध झालेले इतिहासकार दामोदर कोसंबी. कलकत्त्याची नोकरी सोडून, महाराष्ट्रात धम्माचं काम करता यावं म्हणून, त्यांनी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी देऊ केलेले दरमहा ५० रुपये पत्करले. पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात पालि शिकवलं.

१९१० साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाचं बोलावणं आलं. बुद्धघोषांच्या ‘विसुद्धिमग्ग’ ग्रंथाचं वॉरन यांनी अर्धवट ठेवलेलं संपादन पुरं करायचं होतं. पण संपादक म्हणून कोणाचं नाव कसं छापायचं, यावरून प्राध्यापक लॅनमन यांच्याशी बिनसलं आणि १९१२ साली ते परतले. चित्तशुद्धीचा ग्रंथ, आणि तंटा नावाचा! तरीही ग्रंथाचा ध्यास सुटला नाही. ते पुन्हा पुन्हा हार्वर्डला गेले. त्यांचं देवनागरी संपादन १९४० साली आलं. हार्वर्डची आवृत्ती १९५० साली निघाली. तेव्हा ते हयात नव्हते.

मधल्या काळात, १९३० साली, शिरोड्याच्या मिठाच्या सत्याग्रहात ते तुरुंगात गेले. परळला कामगार वस्तीत त्यांनी बहुजन विहार काढला. ‘भगवान बुद्ध’ हा ग्रंथ लिहिला. विहार असो की विद्यापीठ, कुठलीही जागा त्यांनी कवटाळली नाही.

शेवटी शरीर थकलं, आजार बळावले. आता आपला उपयोग नाही असं वाटून १९४६ साली त्यांनी अन्नत्याग सुरू केला. गांधीजींनी विनवलं, तेव्हा त्यांनी तो थांबवला. पुढे मात्र सेवाग्राम आश्रमात पुन्हा अन्न सोडलं आणि ४ जून १९४७ रोजी त्यांचं निधन झालं. आम्हाला हा शेवट पटत नाही, हे आदर ठेवूनच सांगतो. देहदंडाला तथागतांच्या मध्यम मार्गात जागा नाही. आपण उपयोगी असलंच पाहिजे हीसुद्धा एक आसक्तीच. आजारी माणसाने सेवा घ्यावी आणि आपण ती करावी, हाही धम्मच आहे.

आमच्यापुरता बोध एवढाच. चांगल्या कामाची ओढ जरूर धरा, पण त्यातला ‘मी’ तेवढा तपासत जा. विहाराच्या फलकावर देणगीदार म्हणून आपलं नाव वर की खाली, यावरून रुसवे होतात तेव्हा कोसंबींचा तो तंटा आठवावा. आणि पुढे ते पुन्हा त्याच ग्रंथाचं काम करायला गेले, हेही आठवावं.

नमो बुद्धाय! जय भीम!