रविवर्म्यांचे कमळ

मळवलीच्या आमच्या घरात ओसरीवर एक सागवानी खुर्ची होती. पाठीवर कोरलेले कमळ, पायांना सिंहाचे पंजे. वर भिंतीवर राजा रविवर्म्यांची लक्ष्मी. सुताराने कमळ त्या चित्रावरूनच उचलले, अशी लहानपणी माझी पक्की समजूत होती.

रविवर्म्यांचा जन्म १८४८ साली त्रावणकोरातील किळिमानूरचा. तैलरंगांची विद्या त्यांनी बरीचशी दुसऱ्यांचे काम पाहून मिळवली. १८७३ मध्ये व्हिएन्नाच्या प्रदर्शनात बक्षीस मिळाले आणि पुढे संस्थानिकांची बोलावणी येऊ लागली. बडोद्याच्या सयाजीरावांसाठी त्यांनी चौदा पौराणिक चित्रे रंगवली. (गायकवाड मूळचे आमच्या तळेगावच्या दाभाडे सेनापतींच्या पदरचे, हे जाता जाता!)

राजेरजवाडे रंगवताना कोरीव खुर्च्या, मखमल, सोनेरी काठ त्यांनी हौसेने रंगवले. आसनावरून माणसाचा मान कळतो. सिंहासनाला सिंह उगीच नसतात. पण त्यांची सरस्वती पाण्याकाठच्या खडकावर बसते आणि लक्ष्मी कमळावर उभी राहते. देवींना त्यांनी दरबारी खुर्ची दिली नाही, यात मला त्यांची खरी जाण दिसते.

ही चित्रे घरोघर जावीत म्हणून १८९४ मध्ये त्यांनी मुंबईत शिळाछापखाना काढला. एकेका रंगाला वेगळा दगड, यंत्रे आणि कारागीर जर्मनीचे. १८९९ मध्ये छापखाना मळवलीस आला. पण खर्च काही आवरेना, आणि अखेर तो श्लायशर या आपल्याच जर्मन तंत्रज्ञाला विकावा लागला. १९०६ मध्ये रविवर्मा वारले. छापखाना चालत राहिला. १९७२ साली आगीत जळाला.

कॉलेजात आल्यावर प्रथमच मी कार्ल्याचे चैत्यगृह नीट पाहिले. खांबांच्या तळाशी घडा, माथ्यावर घंटेसारखे उलटे कमळ, त्यावर गुडघे टेकलेले हत्ती. हे सारे रविवर्म्यांच्या कितीतरी शतके आधीचे! मग आमच्या सुताराने कमळ घेतले कोठून? पाकळ्यांची घडण पाहून कदाचित ताडता आले असते. पण घराला रंग काढताना आम्ही ती खुर्ची जुन्या बाजारात विकली होती. टेम्पोत चढवायला मीच हात लावला होता.

चित्र तेवढे देवाचे म्हणून राहिले. त्याच्या खालच्या कडेला बारीक अक्षरांत छापखान्याचे नाव आणि कार्ला-लोणावळा हा पत्ता अजून वाचता येतो.